दगडावरची लव

१

आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकच नियम मी कुणाला मोडू देत नाही: दगडाला उघडा हात लावायचा नाही. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि आमच्या कामाचं मिठाशी जन्मजात वैर आहे. जिथं बोट लागलं तिथं लव उगवत नाही, टक्कल पडतं. नवीन पोरं 'हो हो, इंजिनियरबाई' म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला हातमोजा काढून नाक खाजवतात.

काम तसं सांगायला सोपं आहे. आमच्या ओरुरो शहराच्या आसपासच्या खाणींतून जस्ताचं गंधकी खनिज येतं. त्याची करवतीनं पातळ चकती कापायची, आरशासारखी घासायची, स्पिरिटनं धुवायची, चिमट्यानं उचलून भट्टीत ठेवायची आणि हवा सोडायची. तापत गेला की दगड आपला गंधक सोडतो, खोलीभर काडी ओढल्यासारखा वास सुटतो, आणि गंधकाच्या जागी तो हवेतला प्राणवायू धरतो. भट्टी निवली की चकतीवर पांढरी लव आलेली असते. तान्ह्या बाळाच्या कानावर असते ना, तशीच. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातली की त्या जस्ताच्या ऑक्साइडच्या सुया दिसतात, केसाचे शेकडो उभे भाग करावेत इतक्या बारीक. विषारी वायूचं नुसतं वारं लागलं तरी या सुयांतून जाणारी वीज बदलते. म्हणजे कोटाच्या गुंडीएवढं यंत्र करून खाणकामगाराच्या छातीला लावलं, तर वायू नाकात शिरायच्या आत ते बोंब मारेल. अजून केलेलं नाही. पण होईल.

माझा नवरा सेनोबियो खाणीत अशाच वायूनं गेला. मागाहून तो बोगदाही बसला आणि त्याला बाहेर काढता आलं नाही. कबरीत आम्ही त्याचा रविवारचा कोट पुरलाय. सासूबाई, त्यांना मी सगळ्यांसारखी मामिता म्हणते, कबरीवर कधी रडल्या नाहीत. 'कोटासाठी काय रडायचं,' म्हणाल्या.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला तीन वर्षं जेवायला बोलावतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी तो येतो, दुसऱ्या दिवशी दुपारी जातो. तिसऱ्या वर्षी त्याला कायमचा निरोप द्यायचा. मग त्यानं परत यायचं नाही आणि आपण बोलवायचं नाही. हे सेनोबियोचं तिसरं वर्ष होतं, आणि मला तो निरोप द्यायचा नव्हता. हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

२

सेनोबियोनं मला कधी फुलं आणली नाहीत. डब्याच्या पिशवीतून दगड आणायचा. 'हे बघ, तुझ्या लाडक्या भट्टीला खाऊ,' म्हणायचा. मी म्हणायचे, लोकांचे नवरे काय आणतात आणि माझा नवरा काय आणतो! त्यावर तो माझ्या गालाला हात लावायचा. त्याचे हात सदा गरम असत, पठारावरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा. आणि उजव्या अंगठ्यावर एक तिरकी खोच होती. लहानपणी हातोडा बसून अंगठा फाटला होता, तो वेडावाकडाच भरून आला. गालाला ती खोच लागायची.

त्यानं आणलेला शेवटचा दगड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. मधाच्या रंगाचा, मुठीहून जरा मोठा. ऑक्टोबरात माझं काम अडलं. विकत घेतलेल्या दगडांत लोखंड फार होतं, सुया खुरट्या यायच्या. एवढा स्वच्छ दगड घरात असताना मी का रडत बसले होते? उचलला आणि नेला.

तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता. पहिल्या शुक्रवारी आम्ही निखाऱ्यावर ऊद टाकतो, भट्टीच्या चारी कोपऱ्यांना दारू शिंपडतो, खाणीत चघळतात ती कोकाची पानं ठेवतो. मी परदेशात शिकून आले, सगळं खरं, पण भट्टीला घोटभर पाजल्याशिवाय तिचा खटका दाबायची माझी छाती नाही. ज्यांची असेल त्यांनी ओरुरोत येऊन दाखवावं.

शिंपडताना म्हणायचं असतं, धरणीला, डोंगराला, खाली असलेल्यांना. मी तेवढं म्हटलं. मग माझी नजर चिमट्यातल्या त्या मधाळ चकतीवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "सेनोबियो, ये. बाहेर गारठा आहे. इथं ऊब आहे, ये."

सूक्ष्मदर्शक सांभाळणारा रेमिहियो दारात उभा होता. एरवी त्याची थट्टा थांबत नाही, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला.

"बाई, नाव कशाला घेतलंत? जिथं पान मांडलेलं असतं तिथंच नावानं हाक मारतात."

"चल, गप. भट्टी आहे ती, देव्हारा नाही."

"म्हणूनच म्हणतोय ना," तो म्हणाला, आणि निघून गेला.

३

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. लव सुरेख आली होती, दाट आणि सारखी. असं पीक मला वर्षभरात मिळालं नव्हतं. मी जवळजवळ नाचलेच. मग चकती उजेडात तिरकी धरली आणि मधोमध बोटाचा ठसा दिसला.

आधी राग आला, भीती नाही. कुणीतरी हातमोजा न घालता माझी चकती चिवडली होती. पण चकती कापली मी, घासली मी, धुतली मी. मग वाटलं, सेनोबियोच्या हातचा दगड, त्याच्या घामट हातांतून आलेला, भेगांतून मीठ आत मुरलं असेल. हे पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं. ठशातून एक तिरकी रेघ गेली होती. तीही भेगच असणार.

चकती घेऊन रेमिहियोकडे गेले. त्यानं यंत्रात घातली, पडद्यावर चित्र आणलं आणि हसला.

"धरला चोर! इतरांना एवढा दम देता आणि स्वतः बोटं लावता होय?"

"मी नाही लावली."

"मग मी लावली असेन. घरी बायकोही हेच म्हणते." तो चित्र मोठं करत गेला आणि हळूहळू बोलायचा थांबला.

"काय झालं रे?"

"टक्कल नाहीये, बाई."

मी वाकून पाहिलं. मीठ लागलं असतं तर सुया उगवल्याच नसत्या. इथं त्या उगवल्या होत्या, चांगल्या उंच झाल्या होत्या, आणि मग आडव्या पडल्या होत्या. गवतात कुणी बसून उठल्यावर गवत निजतं तशा. म्हणजे बोट लागलं ते आधी नव्हे, लव आल्यावर लागलं होतं. बंद भट्टीत.

"हवेचा झोत जास्त झाला असेल," मी म्हणाले.

"झोताला रेषा असतात का बोटाच्या?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्यानं पडदा बंद केला. "सेनोबियोनं माझ्या घराचं छप्पर घालायला मदत केली होती. खोच माझ्याही लक्षात आहे."

४

शहाण्या माणसानं तिथं थांबावं. मी दुसरी चकती कापली.

या वेळी दगडाच्या अगदी गाभ्यातून कापली, जिथं त्या दगडाच्या जन्मापासून कुणाचाही हात पोचणं शक्य नव्हतं. रेमिहियोला समोर उभं केलं, साक्षीला. चिमट्यानं चकती आत ठेवली आणि दाराला कुलूप घातलं. उघडली तर चार बोटं होती.

तिसरीवर पूर्ण पंजा.

त्या दिवसांत मी कशी होते ते सांगते, कारण भीती वाटली एवढंच सांगितलं तर खोटं होईल. भीती वाटायची, मान गार पडायची. पण सकाळी मी केस विंचरून जायला लागले होते. सेनोबियोला आवडायचा तो निळा स्वेटर घालायला लागले होते. लिपस्टिकसुद्धा लावली एक दिवस! कुलूप उघडताना किल्ली भोकात बसायची नाही ती भीतीनं की कशानं, मला नेमकं सांगता येणार नाही. चकती मी काचेच्या डबीत घालायचे, आणि कुणी नसलं की काचेला बाहेरून आपली बोटं लावून बघायचे. त्याचा पंजा मोठा होता. माझी बोटं त्याच्या वरच्या पेरापर्यंतच पोचायची.

"बाई, आता पुरे," रेमिहियो म्हणाला. "हा खेळ नाही."

"खेळ कोण म्हणतंय?"

"मग काय आहे?"

मी म्हटलं, प्रयोग. तो बराच वेळ माझ्या निळ्या स्वेटरकडे पाहत राहिला.

दगडाचा एकच तुकडा उरला होता. तो मी महिनाअखेर भट्टीत ठेवला, हवा सोडली आणि सणासाठी घरी आले.

५

मामितांनी पान असं मांडलं होतं की बघत राहावं. काळी चादर, मेणबत्त्या, ऊस, त्याला उतरायला-चढायला पावाची शिडी, रंगीत तोंडांची पावाची बाळं, वाळवलेल्या मांसाचं त्याचं आवडतं जेवण, त्याच्या ब्रँडची सिगारेट. आणि पाण्याचा ग्लास, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागते. मामिता दोन दिवस गल्लीतल्या पावाच्या भट्टीवर पीठ मळत होत्या. मनगटं सुजली होती.

"मागल्या वर्षी शिडी लहान झाली म्हणून त्याला उतरायला त्रास पडला असेल," त्या म्हणाल्या. "या वर्षी बघ कशी केलीय. गाढवसुद्धा उतरेल."

दुपारचा भोंगा झाला. खाणीतला भोंगा अजून वाजतो, पाळ्या कमी झाल्या तरी. आम्ही दोघी हात जोडून बसलो. तो आला की कळतं. मागची दोन्ही वर्षं मेणबत्ती एका बाजूला कलली होती, ग्लासातलं पाणी उतरलं होतं. दार उघडं असतं, वारा येतो, पठारावरच्या कोरड्या हवेत पाणी उडतंच, हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी मी मामितांना ते समजावूनही सांगितलं होतं, आणि त्यांनी मला ऊस हातात देऊन 'खा, तोंड कामाला लाव' म्हटलं होतं.

या वर्षी मेणबत्त्या सरळ जळत राहिल्या. इतका वारा होता, तरी ज्योत हलली नाही. पाणी काठोकाठ तसंच. शेजारच्या घरी गाणी सुरू झाली, पलीकडे कुणी रडून मोकळं झालं. आमच्या खोलीत काहीच होईना. जेवण निवून गेलं.

मामितांनी ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "आला नाही गं."

"येईल, मामिता."

"दुसरीकडे कुणी बोलावलं असेल तरच येत नाही. त्याला कोण बोलावणार दुसरीकडे? माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय त्याचं आहे कोण?" त्यांनी खांद्यावरची शाल डोळ्यांना लावली. "शेवटचं जेवण माझ्या लेकराचं. उपाशी जाईल."

मी उठले, कोट चढवला आणि मेणबत्त्या आणायच्या आहेत असं सांगून बाहेर पडले.

६

विद्यापीठात चिटपाखरू नव्हतं. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आपल्या माणसांच्या पानाशी गेला होता. माझ्या बुटांचा आवाज भिंतीवरून परत यायचा. प्रयोगशाळेत दुपारचं ऊन लादीवर पडलेलं, सगळं जागच्या जागी. गंधकाचा वास होता, म्हणजे असायलाच हवा होता.

भट्टीतून आवाज येत होता.

निवताना विटा टकटकतात, आकसतात, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पण ही भट्टी आदल्या दिवशीच बंद झालेली. काटा बघितला. पूर्ण थंड. मी कान लावला. टक, टक. मग थांबून टक. आपण कुणाच्या दारात चुकून येतो आणि घरात माणसं आहेत की नाहीत कळत नाही, तेव्हा असंच वाजवतो. संकोचानं.

"मी आहे," मी म्हणाले.

आवाज थांबला.

दार उघडायला मला वेळ लागला. आत तुकडा होता, त्यावर दाट पांढरी लव, आणि लवेवर दोन्ही पंजे. पण या वेळी ते टेकलेले नव्हते. वरच्या काठापासून खालपर्यंत दहा बोटांच्या दहा रेघा ओढत आल्या होत्या. भट्टीच्या आतल्या भिंतीवरही पांढरी बोटं उमटली होती: डाव्या भिंतीवर, उजव्या, छतावर, दाराच्या आतल्या बाजूवर सगळ्यात जास्त. माणूस अंधाऱ्या खोलीत दार चाचपतो ना, तसं.

 आजवर मला वाटत होतं तो माझ्याकडे येतोय. तो पान शोधत होता. माझ्या हाकेवर आला आणि इथं ना शिडी होती, ना पाणी, ना आई. लोखंडी दार होतं फक्त, आणि मी ते बाहेरून बंद करून घरी जात होते.

तुकडा डबीत घातला आणि घरी नेला. आणि तरीही, देवाशपथ, तरीही मी मामितांना सांगितलं नाही. डबी माझ्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशीचा भोंगा होईपर्यंत गप्प राहिलं की झालं, असं मनात येत होतं. निरोप मिळाला नाही तर तो जाणार नाही. राहील माझ्यापाशी. उपाशी राहील, पण राहील.

७

सकाळी स्वयंपाकघरात आले तर मामिता त्याचं थंड झालेलं जेवण पुन्हा गरम करत होत्या.

"काय करताय?"

"उशिरा आला तर? पोरगा लहानपणापासून उशिरा येणारा. गार कसं देऊ?"

मी डबी आणून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, हाक, ठसे, भट्टी. मला वाटलं त्या मारतील. मारायला हवं होतं त्यांनी. त्यांनी चष्मा लावून डबीत बराच वेळ पाहिलं, मग काचेवर ओठ टेकले.

"तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती?" त्यांचा आवाज फाटला होता. "एवढं शिकलीस आणि कुणाला कुठं बोलवावं एवढं कळू नये?"

"मला तो हवा होता, मामिता."

"आणि मला नको होता?" त्या ओरडल्या. मग नाक पुसलं. "ऊठ. वेळ थोडा आहे. तू बोलावलंस, तूच इकडे आण. आणि तूच निरोप दे. माझ्या तोंडानं आता होणार नाही ते."

तुकडा पानावर ठेवला, ग्लासाशेजारी. मी दारू शिंपडली आणि नीट हाक मारली. "सेनोबियो, इकडे. आईच्या घरी. पान मांडलंय, ये."

दार बंद होतं. मेणबत्त्या एकजात कलल्या, माझ्याकडे. पाणी खाली जाऊ लागलं, घोट घोट, मध्ये थांबत, तहानलेला माणूस दम खात पितो तसं. मामिता ग्लासाकडे बघत होत्या. "हळू पी," त्या म्हणाल्या. "ठसका लागेल."

बाकावर माझ्या शेजारची उशी दबली. मी तिकडे मान वळवली नाही. माझा हात मांडीवर होता, तो कुणीतरी धरला. गरम हात. अंगठा माझ्या मनगटावर आला आणि खोच लागली.

आम्ही तसेच बसलो. किती वेळ ते विचारू नका. मी आयुष्यात इतकी सुखात नव्हते आणि इतकी घाबरलेही नव्हते, कारण पकड घट्ट होत चालली होती आणि मीही उलट तितकीच घट्ट धरत होते. आमच्यातलं कोण कुणाला ओढतंय ते कळेना. बोटं बधिर झाली. दुसऱ्या हातानंही मी ती पकड धरली.

भोंगा सुरू झाला.

"बोल," मामिता डोळे मिटून म्हणाल्या. "बोल, पोरी. जा म्हण."

तोंड उघडलं. शब्द आला नाही. भोंगा वाजत होता, तो थांबला की वाट बंद, हे मला माहीत होतं, आणि मी ओठ मिटून घेतले. मुद्दाम मिटून घेतले.

तेव्हा त्यानं माझ्या मुठीतून आपली बोटं सोडवायला सुरुवात केली. हिसका नाही. एकेक बोट, सावकाश, झोपलेल्या पोराच्या हातातून आपलं बोट काढून घेतात तसं, जागं होऊ नये म्हणून. अंगठा शेवटी काढला. उशी हळूच वर आली. भोंगा थांबला.

मामितांनी डोळे उघडले. "दिलास निरोप?"

"दिला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे लाल वळ उठले होते, अंगठ्याच्या वळातून एक तिरकी पांढरी रेघ गेली होती. मग त्यांनी माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं, जो अजून हवेत काहीतरी धरल्यासारखा मिटलेला होता.  टेबलाला वळसा घालून आल्या, त्या दबून वर आलेल्या उशीवर बसल्या आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत घेऊन हळूहळू उघडली.

"जेवला," त्या म्हणाल्या. "आता तू दोन घास खा."